मक्याच्या पोत्यात हात घाला

दसऱ्याच्या मागंपुढं नवा मका बाजारात उतरतो. सांगलीच्या यार्डात कर्नाटकातून ट्रक येतात, थोडा माल आपल्याकडच्या आटपाडी-कडेगावचा, थोडा माण-फलटणचा. दाणा पिवळाधमक, टपोरा आणि भाव उन्हाळ्यापेक्षा उतरलेला. पोल्ट्रीवाला नेमका इथं भुलतो. परतीच्या पावसात काढलेल्या त्या दाण्यात १५-१६, कधी १८ टक्के पाणी असतं. कोंबडीच्या खाद्यात पुढं जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं या एका आकड्यातून निघतं, असं माझं ठाम मत आहे. सोयापेंडीच्या प्रोटीनसाठी आपण लॅबचा रिपोर्ट मागतो, घासाघीस करतो. पण खाद्यात निम्म्याहून जास्त जाणारा मका मात्र वरची मूठ बघून उतरवून घेतो.

आधी पैशाचा हिशोब. १६ टक्के ओलाव्याचा एक टन मका म्हणजे ८४० किलो कोरडा माल आणि १६० किलो पाणी. १२ टक्क्यांच्या टनात कोरडा माल ८८० किलो. ओला मका २३ रुपये किलोनं घेतला, तर तो १२ टक्क्यांच्या हिशोबात २४ रुपये १० पैशांना पडला. शेजारचा अडत्या कोरडा माल २४ रुपयांना देत असेल तर तोच स्वस्त. आणि यात वाळवणाची मजुरी, घट, नासधूस काहीच धरलेलं नाही.

आता तोच हिशोब कोंबडीच्या बाजूनं बघा. कोरड्या मक्यातून किलोला साधारण ३३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, १६ टक्के ओलाव्याच्या मक्यातून ३२००. लेयरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीच्या, एक टन खाद्यात ५६० किलो मका असेल, तर खाद्याची ऊर्जा किलोमागं ८५ किलोकॅलरीनं खाली आली. कोंबडी ऊर्जेच्या अंदाजानं खाते. खाद्य हलकं झालं की ती जास्त खाते. ११० ग्रॅम खाणारी ११३-११४ ग्रॅमवर जाते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडवर रोजचे १८ किलो खाद्य जास्त गेलं आणि अंडं एकही वाढलं नाही. मग 'यंदा पक्षी खादाड निघाला' असं आपण म्हणतो.

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, उलटं होतं. त्याला हवं तेवढं जास्त खाऊन ऊर्जा भरून काढता येत नाही, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात. तिथं वजन मागं पडतं आणि एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणाऱ्या खाद्याचा हिशोब, बिघडतो.

ओलावा बघायचा कसा? मॉइश्चर मीटर घ्या. ज्याच्याकडं दोन हजारांवर पक्षी आहेत त्याला तो एका ट्रकमध्ये फिटतो. मीटर मक्यासाठी लावलेला आहे ना, हे आधी बघा. सोयाबीनच्या सेटिंगवर मका मोजून चुकीचा आकडा घेणारे कमी नाहीत. मीटर नसेल तर मिठाची चाचणी. काचेची रुंद तोंडाची बाटली उन्हात कडकडीत वाळवून घ्यायची. मीठ तव्यावर परतून कोरडं करायचं आणि गार होऊ द्यायचं. बाटलीचा तिसरा हिस्सा मका, त्यावर दोन-तीन मोठे चमचे मीठ, झाकण घट्ट, मिनिटभर जोरात हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. तो माल साठवायचा नाही. मीठ सुटून तळाला आलं तर १५ च्या खाली. पण १५ च्या खाली म्हणजे १२ नव्हे. ही चाचणी माल परत पाठवण्याइतकी खात्रीची आहे, महिनाभर साठवायचा ठरवण्याइतकी नाही. साठवणीला १२ टक्के धरा, फार तर १३.

नमुना काढताना वरची पोती सोडा. थप्पीच्या मधलं, तळातलं, ट्रकच्या फाळक्याजवळचं आणि ताडपत्रीखाली घामेजलेलं पोतं बघा. १०० पोत्यांतून किमान १० पोती. प्रत्येकातून टोकदार पोकळ नळी खुपसून खोलवरचा दाणा काढायचा. सगळा एका कागदावर ओतून कालवायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि बाकीचे दोन परत करायचे. अर्धा-एक किलो राहीपर्यंत हेच. आणि नळी काढल्यावर त्या पोत्यात हात कोपरापर्यंत घाला. आतलं धान्य बाहेरच्यापेक्षा ऊबदार लागलं तर तिथं बुरशी किंवा किडा कामाला लागलेला आहे. दाणा वरून कितीही पिवळा असो. कोंदट, आंबूस वास आला तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

या मक्यातल्या बुरशीचं नाव अॅस्परजिलस फ्लॅव्हस. हिरवट-पिवळी पूड, बहुतेक वेळा दाण्याच्या कोंबाच्या बाजूला. १४ टक्क्यांच्या पुढचा ओलावा आणि २५ ते ३५ अंश तापमान, म्हणजे आपला ऑक्टोबर, तिला अगदी मानवतो. ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, कारण कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हटलं गेलं. मागाहून कळलं, खाद्यातल्या शेंगपेंडीत हे विष होतं. आजही शेंगपेंड आणि मका हेच त्याचे दोन मोठे दरवाजे आहेत.

या विषाबद्दल तीन गैरसमज शेडवर रोज ऐकू येतात. एक, बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही. बुरशी मरून जाते, झटकली जाते, दळताना पिठात मिसळते, विष मात्र तिथंच राहतं. दोन, उन्हात वाळवलं की गेलं. उन्हानं पाणी जातं आणि नवी बुरशी थांबते, एवढंच. झालेलं विष खाद्याच्या गोळ्या पाडणाऱ्या पेलेट मशीनच्या ८० अंशांच्या वाफेलाही दाद देत नाही. तीन, लॅबचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे लॉट चांगला. विष सगळ्या पोत्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारात एखादा दाणा असतो, पण तो एकटाच जहर असतो. तो तुमच्या नमुन्यात आला नाही तर कागद स्वच्छ दिसतो. म्हणूनच नमुना घेण्यावर एवढी शाई खर्च केली.

भारतीय मानकात, म्हणजे आयएस १३७४ मध्ये, कोंबडी खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी आहे. म्हणजे टनाला २० मिलिग्रॅम. मका एकटाच ४० पीपीबीचा असेल आणि तो खाद्यात ५६ टक्के असेल, तर सोया, कोंडा काहीही कितीही शुद्ध असला तरी खाद्य २२ वर गेलं.

फुटका दाणा, कणी आणि धूळ यांत विष सगळ्यात जास्त असतं, कारण फुटलेल्या दाण्यात बुरशीला घुसायला दारच उघडं असतं. ग्राइंडरमध्ये टाकण्याआधी मका ३-४ मिलिमीटरच्या जाळीवरून चाळला तर बराच धोका तिथंच गळतो. तो गळलेला चुरा कोंबडीला नको, गाईलाही नको. अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं. खड्ड्यात पुरा.

अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिवा धरून भरडलेला मका बघायचीही पद्धत आहे. चमकदार हिरवट-पिवळे ठिपके दिसले तर ती बुरशी तिथं वाढून गेली आहे, असा संशय घ्यायचा. हा संशयच, मोजमाप नव्हे. ठिपके नाहीत म्हणून माल निर्दोष ठरत नाही.

शेडमध्ये लक्षणं कशी दिसतात? थोड्या प्रमाणातलं विष मरतूक करत नाही, म्हणून तर ते महाग पडतं. तुरा फिकट, वाढ असमान, खाद्य कमी. ब्रॉयलर उचलताना मांडीवर-पंखांखाली काळेनिळे डाग, कारण रक्त गोठायला वेळ लागतो. लसीकरण वेळेवर होऊनही राणीखेत किंवा गंबोरोसारखा रोग येतो आणि आपण लसवाल्याला शिव्या घालतो. मेलेला पक्षी उघडला की काळीज (यकृत) पिवळट, सुजलेलं, बोटानं दाबलं तर मऊ पडून फुटणारं. काळीज बघितल्याशिवाय औषध आणायला पळू नका. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नीट शवविच्छेदन करून घ्यायला एक फेरी मारली तर चार चुकीच्या बाटल्यांचे पैसे वाचतात.

टॉक्सिन बाइंडरवर, म्हणजे विष बांधून ठेवायला खाद्यात घालतात त्या पुडीवर, आपला विश्वास जरा जास्तच आहे. बेंटोनाइटसारख्या मातीचे बाइंडर अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, ते खरं. पण टी-२ नावाच्या विषाला (त्यानं चोचीच्या आत, जिभेवर पिवळट चट्टे पडतात) माती फारशी धरत नाही. मूत्रपिंडं सुजवणाऱ्या ओक्राटॉक्सिनचंही तसंच. तिथं यीस्टच्या पेशीभित्तीचे किंवा मिश्र बाइंडर लागतात. टनाला एक ते अडीच किलो बाइंडर म्हणजे कमरेला पट्टा. गाडी दरीत घालायचा परवाना नव्हे. आणि प्रोपिऑनिक अॅसिड किंवा कॅल्शियम प्रोपिओनेट हे बाइंडर नव्हेत. ते बुरशी वाढू देत नाहीत, आधी झालेलं विष त्यांना दिसतही नाही. ही दोन कामं एकाच डब्यातून होतात असं समजून एकच आणणारे पुष्कळ आहेत.

कृष्णेच्या पुराचा माल हा वेगळाच विषय. २००५, २०१९, २०२१, दर वेळी सांगलीत गोदामांत पाणी शिरलं. पाण्यात बुडालेलं धान्य वाळवून स्वस्तात मिळू शकतं. गटाराचं, मैल्याचं, डिझेलचं पाणी त्यातून गेलेलं असतं. ते कुठल्याही भावात घ्यायचं नाही, फुकटसुद्धा नाही.

मक्याला पर्याय म्हणून आता डीडीजीएस येतं, इथेनॉल प्रकल्पांतून उरलेला चोथा. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रोटीन २६-२८ टक्के, तांदळाच्यात ४० च्या पुढं. भाव बघून मोह होतो. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की मक्यातला स्टार्च दारूत गेला की उरलेल्यात बाकी सगळं साधारण तिप्पट होतं, प्रोटीनही आणि विषही. १५ पीपीबीच्या मक्याचं डीडीजीएस ४५ च्या आसपास जाणार. शिवाय कारखान्यात ते जास्त भाजलं गेलं की काळपट होतं, जळका वास येतो आणि त्यातलं लायसिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) कोंबडीला मिळत नाही. सोनेरी-पिवळं, दारूसारखा हलका गोड वास असलेलं घ्या. लेयरला ५ टक्क्यांपासून सुरुवात करा.

आता सोयापेंड. इथं प्रोटीनचा आकडा फसवतो, कारण प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे युरियाचं कागदावरचं 'प्रोटीन' २८७ टक्के भरतं. ४३ टक्क्यांच्या पेंडीत टनाला १० किलो युरिया गेला की रिपोर्टवर ४५ च्या पुढं जाते. कोंबडीला युरियाचा काही उपयोग नाही. गाई-म्हशीच्या पोटातले जंतू तो वापरतात, कोंबडीकडं ते पोटच नाही.

युरिया शोधायला घरात कच्चं सोयाबीन पुरतं. संशयित पेंड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी गाळून दोन बाटल्यांत घ्या. एकीत कच्च्या सोयाबीनचं पीठ एक चमचा टाका, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींची झाकणं लावा. वीस मिनिटांनी पीठ घातलेल्या बाटलीतून नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, दुसरीतून नाही, तर माल परत.

वाळू बघायची तर तांदूळ रोळतो तसं. मूठभर पेंड पातेल्यात, पाणी घालून गोल फिरवायची, वरचं ओतून द्यायचं, पुन्हा पाणी. पाच-सहा वेळा केलं की तळाला जे खरखरीत राहतं ते नखाखाली दाबून बघा.

त्याहून महत्त्वाचं आहे पेंड भाजली किती गेलीय. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अडवणारा घटक असतो. प्रोटीन पचत नाही, स्वादुपिंड सुजतं, विष्ठा पातळ आणि चिकट. म्हणून तेल काढल्यावर पेंड वाफेवर भाजतात. कमी भाजली तर वर सांगितलेलं, जास्त भाजली तर लायसिन साखरेशी बांधलं जातं. कागदावर असतं, पचनात मिळत नाही. लॅबमध्ये दोन आकडे मागा. युरिएज, म्हणजे पीएचमधली वाढ, ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान हवी, आणि केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणातली प्रोटीन विद्राव्यता ७८ ते ८५ टक्के. विद्राव्यता ७० च्या खाली असेल तर पेंड जळलीय, ९० च्या वर असेल तर कच्ची आहे. नुसता युरिएज शून्य आला म्हणून खूश व्हायचं नाही. करपलेल्या पेंडीचाही शून्यच येतो. हा मुद्दा बरेच विक्रेते जाणूनबुजून गाळतात.

सुकी मासळी घालणाऱ्यांसाठी थोडक्यात. मीठ, वाळू आणि साल्मोनेला ही तिची तीन दुखणी. मासळीत किती मीठ आहे ते विचारा आणि तेवढं खाद्यातल्या मिठातून वजा करा. आणि मासळी जास्त तापवून बनवलेली असेल तर पेषणीला (दाणा दळणाऱ्या जठराला) जखमा होतात, पक्षी काळं ओकतो. स्वस्त मासळीपेक्षा सोया आणि वरून मेथिओनिन (हेही एक अमिनो आम्ल) केव्हाही बरं.

अंड्यांच्या कोंबडीचं एक साधं मिश्रण डोळ्यासमोर ठेवू, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. एक टनाला मका ५६०, सोयापेंड (४५ टक्के) २२५, तेल काढलेला भाताचा कोंडा १००, दगड (चुनखडी) ९५, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १० किलो. उरलेल्या दहा किलोंत मीठ ३, खाण्याचा सोडा दीड, डीएल-मेथिओनिन दीड, बाइंडर दीड, आणि अडीच किलोंत जीवनसत्त्वं, खनिजं, कोलीन, फायटेज, गरज असल्यास लायसिन. प्रोटीन साधारण साडेसोळा टक्के, ऊर्जा २६०० च्या जवळ, कॅल्शियम ३.९. ११० ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला रोजचं १८ ग्रॅम प्रोटीन आणि सव्वाचार ग्रॅम कॅल्शियम मिळतं. हे चांगल्या कोरड्या मालाचे आकडे आहेत. मका ओला, पेंड ४२ ची असेल तर हेच मिश्रण वेगळं खाद्य होतं. जातीच्या पुस्तिकेत वयानुसार दिलेला तक्ता बघून त्यात बदल करा.

यातला दगड हा दुर्लक्षित भाग. एका अंड्याच्या कवचात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि कवच बहुतेक रात्री तयार होतं, जेव्हा कोंबडी खात नाही. पिठासारखा बारीक दगड संध्याकाळपर्यंत पोटातून निघून जातो. दोन ते चार मिलिमीटरचा खडा पेषणीत थांबतो आणि रात्रभर विरघळतो. म्हणून ९५ किलोंतला किमान निम्मा, पन्नास आठवड्यांपुढच्या पक्ष्यांना दोन तृतीयांश, खडा असावा. नाहीतर कोंबडी हाडातून कॅल्शियम ओढते. आधी कवच पातळ, मग पिंजऱ्यात पाय लुळे पडून बसलेल्या कोंबड्या. दुपारच्या खाद्यात वरून खडा शिंपडणं हा जुना उपाय आहे आणि तो चालतो. खडा कसा आहे बघायला थोडा ग्लासात घेऊन लिंबू पिळा. फसफसून हळूहळू विरघळला तर चुनखडी. काहीच झालं नाही तर तो नुसता खडा.

मिक्सिंग म्हणजे पोती ओतून पट्टा फिरवणं नव्हे. दीड किलो मेथिओनिन टनभर खाद्यात सगळीकडं जायचं असेल तर आधी त्याला मोठं करावं लागतं. सगळी बारीक औषधं, मीठ, सोडा वजनकाट्यावर मोजा (मुठीनं नाही), आणि १०-१५ किलो मक्याच्या पिठात हातानं किंवा छोट्या ड्रममध्ये दहा मिनिटं कालवा. मिक्सरमध्ये आधी निम्मा मका, मग सोया, मग हे कालवलेलं, मग कोंडा, दगड, डीसीपी आणि उरलेला मका. तेल घालायचं असेल तर सगळ्यात शेवटी आणि फवाऱ्यानं. आधी घातलं की पिठाच्या गोळ्या होतात आणि औषध त्या गोळ्यांत अडकतं. उभ्या मिक्सरला १५ ते २० मिनिटं, आडव्याला ३ ते ५. घाई केली तर न मिसळलेलं राहतं. उभ्यात उगाच अर्धा तास फिरवलं तर जड दगड खाली आणि कोंडा वर असं पुन्हा वेगळं व्हायला लागतं. मिक्सरच्या तळातला पहिला घमेलंभर माल नेहमी परत वर टाका. तिथं स्क्रूच्या खाली कोरडा ढीग राहतो.

मिश्रण एकसारखं झालं का ते मिठावरून कळतं. एकाच घाण्यातून, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालातून, दहा ठिकाणचे नमुने लॅबला द्या आणि क्लोराइड तपासायला सांगा. दहा आकड्यांतला फरक, म्हणजे सीव्ही, दहा टक्क्यांच्या आत हवा. वर्षातून एकदा हे केलं तरी मिक्सरच्या झिजलेल्या पात्याचं बिंग फुटतं.

ग्राइंडरची जाळी पिलांना ३ मिलिमीटर, लेयरला ६ ते ८. फार बारीक दळलं की चोचीला लगदा चिकटतो, पाण्याच्या निपलपाशी जातो आणि भांडी घाण होतात. फार भरड ठेवलं तर कोंबडी मक्याचे कण वेचते आणि तळाला जीवनसत्त्वांची धूळ तशीच राहते. हातोड्यांच्या कडा गोल झाल्या की पीठ गरम पडतं. गरम पीठ तसंच पोत्यात भरून तोंड शिवलं की रात्रीत पोत्याला आतून घाम सुटतो. कोरड्या मक्यालाही असं घरच्या घरी पाणी लागतं. थंड झाल्यावरच भरा.

पत्र्याच्या सायलोतही हेच. दिवसा तापलेला पत्रा ऑक्टोबरच्या रात्री गार पडला की आतून दव धरतं, कडेनं गोळे बनतात. ते गोळे पुढं ट्रॉलीतून भांड्यात पडतात. सायलो महिन्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतल्या भिंती खरवडायच्या. वरून नवा माल ओतत राहिलं तर भिंतीला चिकटलेली जुनी बुरशी नव्या मालाचं विरजण होते. जावळी-पाटणकडं जुलैत चार दिवस ऊन दिसत नाही. तिथं खाद्य चार-पाच दिवसांपुरतंच बनवा. माण-खटाव-जतच्या कोरड्या हवेत पंधरा दिवस निघतात.

गोदामात पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब. या जागेतून वारा जातो, मांजर जाते आणि तुम्हालाही मागं काय चाललंय ते दिसतं. जुनं आधी, नवं मागून. प्रत्येक पोत्यावर खडूनं तारीख. जीवनसत्त्वांचा डबा माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, मेमध्ये तिथं ४५ अंश होतात. कोलीन क्लोराइड पाणी ओढतं आणि शेजारच्या जीवनसत्त्वांना खाऊन टाकतं. दोन्ही वेगळे ठेवा, मिसळायच्या दिवशीच एकत्र करा.

उंदरांचा हिशोब कुणी करत नाही. एक मोठा उंदीर रोज २०-२५ ग्रॅम खातो. चाळीस उंदीर म्हणजे रोज किलोभर. खाल्लं ते सोडा, लेंड्या आणि मूत्र टाकतो त्यातून साल्मोनेला येतो. चिमण्या-पारव्यांचंही तेच, म्हणून खिडक्यांना बारीक जाळी. पण सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे वापरलेली पोती. दुसऱ्या फार्मवरून आलेली, भुसा-खत वाहिलेली पोती धुवून परत खाद्यासाठी वापरली की त्या फार्मचा रोग पैसे देऊन आणल्यासारखं होतं. अंड्यांचे ट्रे आणि बाद कोंबड्या नेणाऱ्या गाडीतूनच परतीला खाद्य आणणंही त्यातलंच.

पेलेट खाद्य वाफेवर ८० अंशांपर्यंत गेलेलं असतं, बहुतेक जंतू तिथं मरतात. घरच्या मॅशला, म्हणजे दळून कालवलेल्या सुट्या खाद्याला, तो फायदा नाही, म्हणून कच्चा माल आणि गोदाम यांवरच भिस्त. करारावरच्या ब्रॉयलरवाल्यांचं खाद्य कंपनीकडून येतं, पण ते उतरल्यापासून जबाबदारी शेतकऱ्याचीच. पोती शेडच्या उघड्या बाजूला, पावसाचे शिंतोडे येतील अशी ठेवून नंतर खाद्य खराब म्हणायचं, यात अर्थ नाही. खाद्य उतरवताना एक पोतं उघडून पेलेटची धूळ बघा, वास घ्या, आणि शंका आली तर चलनावर तिथंच लिहा.

खाद्याच्या भांड्यात तिसरा हिस्साच खाद्य. वरपर्यंत भरलं की सांडतं. तळातलं रोज हलवायचं. गळका निपल भांड्यावर पडत असेल तर त्या भांड्याचा कोपरा दोन दिवसांत काळा पडतो. तो चमच्यानं खरवडून काढायचा, वरून नवं ओतून झाकायचा नाही.

पूर्व भागातल्या बोअरच्या पाण्याबद्दल एक गोष्ट. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडं काही बोअरना पाणी खारट आहे. खाद्यात मीठ टनाला ३ किलो आणि पाण्यातूनही मीठ, मग विष्ठा पातळ, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं, अमोनिया, डोळे लाल. तिथं आतड्याचं औषध देण्याआधी पाणी तपासून सोडियम-क्लोराइड बघा आणि खाद्यातलं मीठ कमी करा. पातळ विष्ठेला सवयीनं अँटिबायोटिक देणं थांबायला हवं. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून जनावरांसाठी बंदीच आहे, तरी जुनं नाव अजून तोंडात आहे.

भाताचा कोंडा तेल न काढलेला, म्हणजे पॉलिश, असेल तर तो आठ-दहा दिवसांत खवट होतो. जिभेवर ठेवून बघा, कडवट लागला तर लांब ठेवा. खवट तेल जीवनसत्त्व ई खाऊन टाकतं. दोन ते चार आठवड्यांची पिलं मान वाकडी करून, गोल फिरून पडायला लागतात. हॉटेलात तळून काळं झालेलं तेल स्वस्तात आणून खाद्यात घालणाऱ्यांची पिलं अशीच पडतात.

शेवटी नमुना राखून ठेवायची सवय. प्रत्येक घाण्यातलं अर्धा किलो खाद्य आणि प्रत्येक ट्रकचा अर्धा किलो मका, तारीख आणि गाडी नंबर लिहून, कोरड्या गार जागी ठेवायचा. लेयरला किमान दोन महिने, ब्रॉयलरला लॉट उचलून हिशोब होईपर्यंत. अंडी घसरल्यावर आजच्या भांड्यातलं खाद्य तपासून काही कळत नाही. तीन आठवड्यांपूर्वीचं खाद्य लागतं. नमुना लॅबला पाठवताना कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवा. ओलसर खाद्य प्लास्टिकमध्ये बांधून एसटीच्या पार्सलनं दोन दिवस फिरवलं की त्यात वाटेत नवी बुरशी येते, आणि रिपोर्टात जो आकडा येतो तो तुमच्या गोदामाचा असतो की पिशवीचा, हे कुणालाच सांगता येत नाही.